सावली हरवलेल्या बागेतली पंगत

एका राज्यात माणसे इतकी सभ्य होती, की सभ्यतेपायी त्यांच्यावर उपाशी राहण्याची पाळी येई. त्या राज्याला नावही होते. पण कोणी विचारलेच तर तिथले लोक म्हणत, "कशाला, राहू द्या." म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलेले नाही.

तिथला रिवाज असा. पाहुण्यापुढे काही धरले की पाहुण्याने म्हणायचे, "नको." यजमानाने म्हणायचे, "असं कसं?" पाहुण्याने म्हणायचे, "खरंच नको." यजमानाने म्हणायचे, "आमची शपथ आहे." मग पाहुणा तिसऱ्यांदा नको म्हणे, पण हा नको अगदी मवाळ असे आणि तेवढ्यात त्याचा हात पुढे आलेला असे. पहिला नको रीतीचा, दुसरा यजमानाचे मन पाहण्याचा, तिसरा नुसता लाजेचा. एकदा एका जिलेबीचा आग्रह चालू असताना पाहुण्याच्या लेकीचे लग्न ठरले, लागले, लेक माहेरपणाला आली, तरी जिलेबी वाढप्याच्या हातातच होती असे तिथले लोक सांगतात. त्यांना खोटे बोलून काय मिळणार?

राजवाड्यामागे राजाची बाग होती. तिच्यात मोगरा बारा महिने फुले, डाळिंबे पिकली की आपणहून फांदीवरून उतरून टोपलीत बसत, आणि राज्यातल्या सगळ्या मोठ्या पंगती तिथेच बसत. एके दिवशी अशीच पंगत उठली, विडे वाटले गेले आणि राजाने एका सरदाराला शाल देऊ केली. सरदार रिवाजाप्रमाणे म्हणाला, "नको, नको." शाल नाहीशी झाली. राजाने त्याला बसायला चौरंग दिला. "नको, उभाच बरा." चौरंग नाहीसा झाला. कोणी म्हणाले, "पाणी नको, आत्ताच पिऊन आलो," तर विहीर तळापर्यंत कोरडी. एक वृद्ध गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "तुम्ही बसा सावलीत, मला सावली नको," आणि बागेतल्या यच्चयावत झाडांची सावली गेली. झाडे जागच्या जागी, पाने हिरवीगार, आणि बुंध्याशी लख्ख ऊन.

बागेला शाप लागला होता. तिथे जे नाकारावे ते खरेच जाई. शाप कोणी दिला, कशापायी दिला, कोणालाच ठाऊक नव्हते. राजाने फाटकाला कुलूप घातले आणि लोकांनी त्याविषयी बोलणे सोडले. सभ्य माणसे शापाबिपाविषयी चारचौघांत बोलत नाहीत.

वर्षे लोटली. तो राजा गेला, त्याचा मुलगा भद्रायुध गादीवर बसला आणि त्याचे लग्न झाले. त्याची राणी कनकलेखा रूपाने देखणी, बुद्धीने तल्लख, आणि स्वभावाने इतकी लाजाळू, की उखाण्यात नवऱ्याचे नाव घेताना तिने ते इतक्या हळू घेतले की भटजींनी अंदाजाने पुढचा मंत्र म्हटला. बागेची गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. भद्रायुधाला ठाऊक होती, पण त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरुण राजांचा कशावरच नसतो.

त्याने फाटक उघडले, राणीला झोपाळ्याजवळ नेले, आपण झोपाळ्यावर बसला आणि म्हणाला, "कनकलेखे, आजपासून मी तुझा. घेतेस ना मला?"

राणीने पदर तोंडाशी नेला. "इश्श!" ती म्हणाली. "नको बाई!"

झोपाळा रिकामा हलत राहिला.

वाड्यात एकच गोंधळ उडाला. भद्रायुधाची आई, राजमाता यशोधना, देवघरातून उठून आल्या.

"नाहीसा झाला? म्हणजे कुठं झाला?"

"मी नको म्हणाले, मासाहेब," कनकलेखा म्हणाली.

"कशाला?"

"त्यांनाच."

"अगं, एवढा सोन्यासारखा माझा मुलगा, आणि तुला नको?"

"नको कसे असतील? मला..." नव्या सुनेने सासूपुढे असले काही बोलायचे नसते. "मी लाजले, मासाहेब."

राजमातांनी सुनेला जवळ बसवले. मग म्हणाल्या, "मीसुद्धा ह्याच्या वडिलांना नकोच म्हणाले होते. पण दिवाणखान्यात. तिथं चालतं."

कनकलेखेने डोळे पुसले, पदर खोचला आणि एकटीच बागेत परत गेली. तिथे उंबराच्या झाडावर एक धनेश पक्षी बसला होता. चोच कोयत्याएवढी, आणि आवाज कारभाऱ्यासारखा.

"राणी, रडून झालं असेल तर बोलू?"

"बोल."

"या बागेत नाकारलेलं सगळं मांत्रिक क्षुधांतकाच्या तळघरात जातं. कोरड्या डोंगराच्या पोटात. तुझा नवराही तिथंच आहे."

"तुला रे कसं ठाऊक?"

"माझी बायको ढोलीत अंड्यांवर बसली आहे. ढोलीचं तोंड लिंपलेलं, चोचीपुरती फट. दिवसभर मी उंबरं आणतो आणि ती खाते. एकदाही नको म्हणत नाही, म्हणून या बागेत आमचं काही हरवलं नाही. बाकीच्यांचं काय काय गेलं, ते मी वरून पाहिलं."

"मग सोडवायचं कसं?"

"शाप क्षुधांतकाचाच. त्याला याच बागेत भर दुपारी भरल्या पंगतीत जेवू घाल. तो मनापासून जेवला तर शाप उठला. पण जेवताना तीनदा त्यानं तुझं अन्न नाकारलं, तर बाग, पंगत आणि यजमानीण, सगळं त्याच्या तळघरात. मग सोडवायला मागं कोणी उरणार नाही."

"पंगत घालायची तर सावली हवी. पाणी हवं."

"सावली उपड्या डोंगरावर मिळेल. पाणी सापाच्या तळ्यावर. आणि पाहुण्याला आमंत्रण तूच द्यायचं आहेस. पहिल्या दोघांकडे एकच अट. रीतीचं बोललीस, की काम फसलं."

राणी उपड्या डोंगरावर गेली. हा डोंगर शेंड्यावर उभा होता आणि त्याचा पायथा आकाशात होता, त्यामुळे चढताना उतरल्यासारखे वाटे. वर अवजडाबाई नावाची राक्षसीण राहत असे. जगातल्या वापरून टाकलेल्या सावल्या ती गोळा करी आणि लुगड्यांसारख्या घड्या घालून पेटाऱ्यात ठेवी. वडाच्या सावल्या तळाशी, चिंचेच्या मधे, शेवग्याच्या विरळ सावल्या वर.

"सावली देईन," अवजडाबाई म्हणाली. "पण आधी मी चार शब्द सांगेन ते ऐकायचे. मधे 'नको' नाही, 'ठाऊक आहे' नाही, 'उशीर होतोय' नाही. आमच्याकडं कोणी येत नाही गं. आलेली बाई पहिल्या शब्दालाच म्हणते, राहू द्या."

राणी बसली. राक्षसिणीने लोणच्याला मीठ किती घालावे इथपासून सुरुवात केली. मग सासू कशी सांभाळावी, सून कशी सांभाळावी, हत्तीला दृष्ट लागली तर मिरच्या किती ओवाळाव्यात, दात दुखला तर कोणत्या कुशीवर निजावे, हे सगळे ओघाने आले. लोणचे पुन्हा एकदा आले. कनकलेखेच्या जिभेवर कितीदा तरी "नको, आता निघते" आले आणि तिने ते आवंढ्याबरोबर गिळले. शेवटी अवजडाबाई आपणच दमली.

"गुणाची आहेस," ती म्हणाली आणि तळातली वडाची सावली काढून तिच्या खांद्यावर टाकली. "पश्चिमेकडून अंथरायला घे, म्हणजे चुण्या पडत नाहीत. आणि परत देताना झटकून दे. मुंग्या असतात."

तिथून राणी सापाच्या तळ्यावर गेली. पायऱ्यांशी भरलेले निळे पाणी, आणि काठावर वेटोळे घालून बसलेला एक वयस्कर साप. तो स्वतःला शेषाचा लांबचा भाचा म्हणवून घेई. नाते कोणी तपासलेले नव्हते.

"पाणी न्यायला आलीस?" साप म्हणाला. "ने. पण मला कौतुक करायची हौस आहे. मी कौतुक करीन आणि तू ते घ्यायचंस. 'छे छे' केलंस, 'कसचं कसचं' केलंस, तर पाणी एक पायरी खाली."

"करा कौतुक," राणी म्हणाली.

"तुझे डोळे फार सुंदर आहेत."

राणीच्या ओठांवर "कसचं" आलेच होते. तिने तळ्यात पाहिले. डोळे खरोखर सुंदर होते.

"आहेत," ती म्हणाली.

पाणी होते तिथेच राहिले. साप डोलला. "आणि बुद्धी म्हणशील तर, तुझ्या सगळ्या दरबारात मिळून तेवढी नसेल."

"नाहीच आहे," राणी म्हणाली. तिला आता गंमत वाटू लागली होती.

"आणि नवऱ्यावर तुझा फार जीव आहे."

राणी कानापर्यंत लाल झाली. "इश्श, छे!"

पाणी एक पायरी उतरले. मग दुसरी. मग बदकन तिसरी. काठावरचे मासे पायरीवर तडफडू लागले आणि रागाने तिच्याकडे पाहू लागले.

"आहे!" राणी ओरडली. "जीव आहे माझा त्यांच्यावर. एवढा आहे, की एकटी डोंगर उतरून वर चढले आणि लोणच्याचं दोनदा ऐकून घेतलं."

पाणी वर आले, काठ ओलांडून बाहेर आले आणि पाळीव वासरासारखे तिच्यामागून राजधानीकडे चालू लागले. बागेच्या विहिरीशी पोचल्यावर त्याने एकवार आत डोकावून पाहिले आणि उडी टाकली.

उरले आमंत्रण. राणीने हळदीच्या अक्षता घेतल्या आणि कोरड्या डोंगराच्या पोटात उतरली.

तळघर म्हणजे एक नगरच होते. शालींचे ढीग, पैठण्यांच्या थप्प्या, चौरंग, अत्तराचे फाये, सुगंधी विडे, आणि लाडवांचे असे डोंगर की त्यांच्यामधून वाटा गेलेल्या. पण लाडू उचलला की हातात दगड होई. अत्तराला वास नव्हता. नाकारलेल्या वस्तूचा मालक होता येते, तिचा उपभोग घेता येत नाही, असा त्या तळघराचा नियम होता. म्हणून एवढ्या ऐश्वर्याच्या मधोमध बसलेला क्षुधांतक काडीसारखा वाळलेला होता.

आणि एका फळीवर, चांदीची तबके आणि गालिचे यांच्यामधे, राजा भद्रायुध पाय सोडून बसला होता.

"तू?" तो म्हणाला. आनंदाने उठला आणि लगेच परत बसला. "कशाला आलीस? तू तर नको म्हणालीस."

"ते तोंडानं."

"मला वाटलं, मनानं. इथं बसून दुसरा काय विचार करणार? लाडू चावत नाहीत, बोलायला कोणी नाही. म्हटलं, नसेन आवडलो. सक्तीही नाही."

क्षुधांतक ऐकत होता, फळ्यांवरच्या वस्तू ऐकत होत्या. राणीने पदर तोंडाशी नेला, आणि खाली सोडला.

"मला तुम्ही हवे आहात," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून हवे आहात. काल हवे होतात, आज हवे आहात, आणि उद्या तुम्ही घोरलात तरी हवेच असाल."

असा शब्द तिथे कधी कोणी उच्चारलेला नव्हता. राजाचे कान लाल झाले.

क्षुधांतकाने घसा साफ केला. "चांगलं बोललीस. पण उपयोग नाही. बागेत नाकारलेलं बागेतच सुटतं."

"ठाऊक आहे. म्हणून आपल्याला बोलवायला आले. बागेत पंगत आहे. आपण यावं."

"मला नको तुमचं आमंत्रण."

राणीने पाहिले. तो नको म्हणाला खरा, पण त्याचा एक हात खुंटीवरच्या उपरण्याकडे गेला होता.

"असं कसं? आपण यायलाच हवं."

"नको, नको. मला वेळ कुठं आहे?" उपरणे खांद्यावर आले होते.

"आपल्यावाचून पंगत बसायची नाही. आमची शपथ आहे."

"बघतो," मांत्रिक म्हणाला. "जमलं तर." आणि अक्षतांसाठी त्याने हाताची ओंजळ पुढे केली.

आता पंगतीची तयारी. राजमातांनी मुदपाकखान्याचा ताबा घेतला, कारण सून राज्य सोडवील, पण पुरण कोणी कसे वाटावे हे ठरवायला सासूच हवी. कारभारी रंभाजी यांनी गावात दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका! राजाच्या बागेत पंगत आहे! आत आल्यावर कोणी नको म्हणायचं नाही! हवं त्यानं 'वाढा' म्हणायचं! पोट भरलं त्यानं मुकाट्यानं पानावर आडवा हात धरायचा!"

हे ऐकून गावाला घाम फुटला. "वाढा" म्हणायचे? सरळ? लोक घरोघरी सराव करू लागले. नवरा ताटावर बसे आणि बायकोकडे पाहून "वा... वा..." एवढेच म्हणे. एक जण "हो" म्हणण्याची सवय लावून घेत होता. त्याला न्हाव्याने विचारले, "मिशीही काढू?" मिशी गेली. एका सभ्य गृहस्थाने तर सरावाच्या भरात शेजाऱ्याकडे जाऊन स्वतःहून चहाटळपणे वाटीभर साखर मागितली, आणि घरी येऊन लाजेने अंथरूण धरले.

तरी दिवस उजाडला. राणीने पश्चिमेकडून सावली अंथरली. बागभर गारवा पसरला आणि एकही चुणी पडली नाही. केळीची पाने मांडली गेली, पानांभोवती रांगोळ्या निघाल्या, उदबत्त्या लागल्या. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे अळूची भाजी. मधे वरणभाताची मूद. मठ्ठ्याला कोथिंबीर लावली होती. चुलींवर मसालेभात वाफेवर शिजत होता आणि राजमातांच्या तव्यावर पुरणाच्या पोळ्या टम्म फुगत होत्या.

भर दुपारी क्षुधांतक आला. त्याला मानाच्या पानावर बसवले. पंगत सुरू झाली, आणि गावाने नाव काढले! "वाढा," म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, डोळे मिटून का होईना. "वाढा, वाढा," सरदार म्हणाले. एका पोक्त गृहस्थाच्या तोंडून "न" निघाला, पण शेजाऱ्याने वेळीच त्याच्या तोंडात लिंबाची फोड कोंबली. पंगत इतकी भराभर चालली की वाढपी धापा टाकू लागले.

रंभाजी कारभारी पोळ्यांची टोपली घेऊन मानाच्या पानापाशी आले. कमरेत वाकले.

"महाराज, पोळी वाढू?"

दवंडी गावात पिटली होती. डोंगराच्या पोटात ती पोचली नव्हती, आणि पाहुण्याला आल्या आल्या बोलण्याचे धडे द्यायचे कोणाला सुचले नाही. तेवढे ते सगळे सभ्य होते.

"नको, नको," क्षुधांतक म्हणाला.

टोपली नाहीशी झाली.

पंगत थिजली. क्षुधांतक स्वतःच आपल्या पानाकडे पाहत राहिला. पोळीची वाफ अजून हवेत होती. राणी मसालेभाताचे पातेले घेऊन धावली. "महाराज, भात तरी? थोडा वाढू ना?"

"नको," क्षुधांतक म्हणाला, आणि त्याने लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबले. पातेले गेले. चुलीवरचा उरलेला भातही गेला.

उंबरावरून धनेश ओरडला, "दोन झाले, राणी!"

"मी मुद्दाम नाही केलं," क्षुधांतक म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तोंडाला सवय आहे. तेव्हाही अशीच होती."

"तेव्हा म्हणजे?"

"याच बागेतल्या पंगतीला आलो होतो. लांबून चालत, उपाशी. अंगावर साधे कपडे होते. वाढप्यानं सगळ्यांना तीन तीनदा विचारलं. मला एकदा विचारलं, मी नको म्हणालो, आणि तो पुढं गेला. मी पंगत उठेपर्यंत त्याच्या टोपलीकडं पाहत होतो. तो परत आलाच नाही. मग मी म्हटलं, माझा नको खरा धरलात ना? आता सगळ्यांचेच खरे धरा."

रंभाजींनी मान खाली घातली. त्यांचा त्यात दोष नव्हता, पण मान खाली घालण्याची त्यांना हौस होती.

राजमाता चुलीपासून लगबगीने आल्या. हातात थाळा, थाळ्यात एकच पोळी. "तव्यावर होती म्हणून वाचली. एवढीच आहे, सूनबाई. पीठ संपलं, पुरणही संपलं."

"विचारा राणीसाहेब," रंभाजी कुजबुजले. "पण नीट विचारा. आर्जवानं. गळ्याची शपथ घाला. पायावर डोकं ठेवा."

राणीने थाळा घेतला आणि क्षुधांतकापुढे बसली. तिने विचारायला तोंड उघडले. समोर पाहिले तर क्षुधांतकाचे ओठ आधीच "न" म्हणायला लागले होते, आणि डोळे पोळीवर होते. कितीही आर्जव केले तरी ओठ तेच म्हणणार होते. प्रश्न आला की उत्तर ठरलेले.

तिच्या मनात आले, हा पाहुणा आहे म्हणून आपण विचारतो. घरच्या माणसाला कोण विचारते? शेतावरून दमून आलेल्या भावाला बहीण विचारते का, वाढू म्हणून?

राणीने तोंड मिटले. पोळी उचलली आणि सरळ त्याच्या पानावर वाढली. वर तुपाची धार सोडली, अगदी घडीतून ओघळेपर्यंत.

"गरम आहे," ती म्हणाली. "जपून."

क्षुधांतक पाहत राहिला. ओठ हलले, पण नाकारायला काही नव्हते. त्याला कोणी काही विचारलेच नव्हते. पोळी पानावर होती, तिथेच राहिली. त्याने एक तुकडा मोडला. तोंडात घातला. दगड झाला नाही. दुसरा तुकडा मोडला. मग तो मुंडी खाली घालून, तुपाने कोपरापर्यंत माखून, अख्खी पोळी जेवला. मधे एकदा त्याने उपरण्याने डोळे पुसले आणि पुरणात वेलदोडा जास्त झाला आहे असे पुटपुटला.

पान पुसून घेऊन त्याने वर पाहिले. भरल्या पंगतीत, शेकडो सभ्य माणसांदेखत, तो म्हणाला, "आणखी एक मिळेल?"

त्या राज्यात आजवर कोणी जेवताना मागून घेतले नव्हते. शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडले मात्र, जमीन गदगदली आणि शाप ताडकन तुटला. आवाज सुपारी फुटल्यासारखा झाला. पोळ्यांची टोपली आली, भाताचे पातेले आले, दोन्ही अजून गरम. मग पाठोपाठ तळघर मोकळे झाले. शाली उडत आल्या आणि ज्यांच्या होत्या त्यांच्या खांद्यांवर बसल्या. काहींचे मालक आता हयात नव्हते. त्यांच्या नातवांना त्या जरा ढगळ झाल्या. झाडांच्या सावल्या धावत येऊन आपापल्या बुंध्याशी आडव्या झाल्या. जुनी विहीर उफाळली, तेव्हा सापाचे पाणी आदबीने बाजूला झाले आणि आल्या वाटेने परत गेले. लाडवांचा पाऊस पडला, आणि त्यात एका गालिच्यावर राजा भद्रायुध आला.

तो धडपडत उठला, केसांतला लाडवाचा चुरा झटकला आणि राणीकडे पाहून काही विचारायला तोंड उघडले.

"काही विचारू नका," राणी म्हणाली. तिने सासूदेखत, गावादेखत त्याचा हात धरला आणि त्याला क्षुधांतकाशेजारच्या पानावर बसवले.

"वाळलाय बाई माझा मुलगा," राजमाता म्हणाल्या. "भात वाढ त्याला आधी. पोळी मी आणते."

त्या दिवशी क्षुधांतक चांगले पाऊण टोपली पोळ्या जेवला आणि बागेतच आडवा झाला. पुढे राजाने त्याला मुदपाकखान्याचा मुख्य केले, कारण भुकेलेला माणूस त्याच्याइतका कोणी चटकन ओळखत नसे. वडाची सावली झटकून, घडी घालून उपड्या डोंगरावर पोचवली गेली. अवजडाबाईने उलगडून पाहिली, घडी चुकली म्हणाली, आणि ती कशी घालावी हे सांगायला बसली. घेऊन गेलेला सरदार अजून ऐकतो आहे.

बागेचे फाटक उघडे राहिले. लोक आजही तिथे नको म्हणतात, सवय कोठे जाते? पण वाढपी आता तोंडाकडे कमी आणि डोळ्यांकडे जास्त पाहतात.

पंगत उठली. यजमानीण शेवटी जेवायला बसली, नवऱ्याने तिच्या पानावर न विचारता तूप वाढले, आणि तिने हात आडवा धरला नाही. भुकेल्याला पान मिळो, पानाला सावली मिळो, आणि गोष्ट इथे सुखाने आंचवो.